रात्रभर शिजणारी कवळी

"दातांच्या डॉक्टरांनी माझ्यासमोर पावडर आणि लिक्विड कालवलं आणि दहा मिनिटांत मोडलेली कड जोडून दिली. मग नवी कवळी करायला लॅबला एवढे दिवस कशाला लागतात?" मावशीने मला हा प्रश्न विचारला तेव्हा तिच्या आवाजात तक्रार होती. तक्रार काही अगदीच चुकीची नव्हती. बरेचसे दिवस मापं घेण्यात आणि मेणावर दात बसवून बघण्यात जातात, हे खरं. पण त्यातली एक रात्र निव्वळ रसायनशास्त्राची असते. त्या रात्री साच्यात दाबून बंद केलेली कवळी ७४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आठ-नऊ तास पडून असते.

ओळखीच्या एका लॅबमध्ये ही रात्र कशासाठी असते ते मी पाहून आलो. तिथल्या तंत्रज्ञांनी ड्रॉवरमधून वाया गेलेली एक कवळी काढून हातात दिली. कडेचा पातळ भाग छान गुलाबी, नितळ होता. जिभेच्या बाजूचा जाड भाग मात्र आतून बारीक भोकांनी भरलेला, घावनाला जाळी पडावी तसा. "नवीन मुलाने घाईघाईत साचा सरळ उकळत्या पाण्यात टाकला," ते म्हणाले. "मसाला तोच, माप तेच. फक्त घाई नडली."

जाळी जाड भागातच का पडली? आणि तोच मसाला सावकाश तापवला की एकसंध का होतो? याचं उत्तर शोधताना आपण कवळीच्या बरंच पुढे जाणार आहोत. भिंतीच्या रंगापासून टायरपर्यंत कितीतरी वस्तू याच एका प्रक्रियेने बनतात, आणि त्या सगळ्यांपुढे दोनच प्रश्न असतात: प्रक्रिया किती वेगाने चालवायची, आणि तयार होणाऱ्या साखळ्या किती सारख्या ठेवायच्या.

१. मोकळा हात

कवळीच्या बाटलीतलं लिक्विड म्हणजे मिथाइल मेथाक्रिलेट. त्याचे रेणू सुटे सुटे असतात, म्हणून ते पाण्यासारखं वाहतं. हे सुटे रेणू म्हणजे मोनोमर. हजारो मोनोमर एकामागोमाग एक जोडले गेले की लांब साखळी होते, तिला पॉलिमर म्हणायचं. मराठीत एकवारिक आणि बहुवारिक असे शब्द आहेत. कारखान्यात आणि लॅबमध्ये मात्र मोनोमर-पॉलिमरच चालतं, म्हणून मीही तेच वापरतो.

अंगणात पुष्कळ मुलं उभी आहेत अशी कल्पना करा. प्रत्येकाने स्वतःचे दोन्ही हात एकमेकांत घट्ट गुंफलेत. गुंफलेले हात म्हणजे मोनोमरमधला दुहेरी बंध. हात गुंफलेले असेपर्यंत कुणी कुणाला धरत नाही. आता एक हात मोकळा असलेलं मूल अंगणात शिरतं. ते पहिल्या मुलाचा हात धरतं, त्या मुलाची गुंफण सुटते आणि त्याचा दुसरा हात मोकळा होतो. तो हात तिसऱ्याला धरतो. साखळी वाढत जाते, आणि टोकाला नेहमी एक हात मोकळा राहतो. हा मोकळा हात म्हणजे मुक्त मूलक: जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा रेणू, ज्याला कुणाशी तरी जोडून घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

पहिला मोकळा हात आणतो तो प्रारंभक. कवळीच्या पावडरीत बेंझॉइल पेरॉक्साइड मिसळलेलं असतं. तापलं की त्याचा रेणू मधोमध तुटतो आणि दोन मुक्त मूलकं मिळतात. ७३ अंशांच्या आसपास त्याचा निम्मा साठा तुटायला दहा तास लागतात. ९१-९२ अंशांना तेच काम तासाभरात होतं. लॅबने ७४ हा आकडा का धरलाय, त्याची पहिली खूण इथे मिळते.

२. सेकंदाचं आयुष्य

बहुतेकांची अशी समजूत असते की सगळ्या साखळ्या एकदम सुरू होतात आणि शेतातल्या गव्हासारख्या एकत्र वाढतात. प्रत्यक्षात तसं मुळीच होत नाही, आणि हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं सोपं होतं.

स्टायरीनचं उदाहरण घेऊ. त्यापासून पॉलिस्टायरीन बनतं, ज्याला फुगवून थर्मोकोल करतात. ६० अंशांना शुद्ध स्टायरीनमध्ये एक मोकळा हात सेकंदाला साधारण तीन हजार मोनोमर जोडतो. पण असे हात फार थोडे असतात. नेहमीच्या परिस्थितीत ऐंशी कोटी मोनोमरमागे जेमतेम एक. म्हणून एकेक साखळी विजेच्या वेगाने वाढत असली, तरी अख्खं भांडं तासाला टक्का-दोन टक्के एवढंच पुढे सरकतं.

साखळी संपते कशी? दोन मोकळे हात एकमेकांना भेटले की झालं. ते एकमेकांना धरतात, किंवा देवाणघेवाण करून दोघंही शांत होतात, आणि दोन्ही साखळ्या कायमच्या थांबतात. जन्मापासून या भेटीपर्यंतचा काळ असतो साधारण एक सेकंदाचा. म्हणजे दहा तास चालणाऱ्या प्रक्रियेत पहिल्या मिनिटाला जन्मलेली साखळी त्याच मिनिटात पूर्ण होऊन बाजूला पडलेली असते, आणि शेवटच्या तासातली साखळी अगदी वेगळ्या, आटत चाललेल्या भांड्यात जन्मते. दोघींची लांबी सारखी कशी येणार?

३. एक वाढवलं की दुसरं घटतं

आता कुणी म्हणेल, घाई आहे ना, मग प्रारंभक जास्त घाला. चौपट घातला तर वेग चौपट व्हावा. होतो मात्र दुप्पट.

कारण मृत्यूला दोघं लागतात. दहा माणसं खोलीत असतील तर हस्तांदोलनाच्या ४५ जोड्या होतात. वीस माणसं आली तर १९०. माणसं दुप्पट झाली, भेटी चौपट झाल्या. भांड्यातही मोकळे हात दुप्पट झाले की ते संपण्याचा वेग चौपट होतो. म्हणून जन्म चौपट केले तरी एका वेळी जिवंत असलेले हात दुप्पटच राहतात.

आणि प्रत्येक साखळीचं काय? समजा, आधी सरासरी २,००० मोनोमरची साखळी मिळत होती आणि तासाला २ टक्के काम होत होतं. चौपट प्रारंभकाने तासाला ४ टक्के काम होईल, पण साखळ्या सरासरी १,००० वर येतील. काम दुप्पट झालं आणि साखळ्या चौपट जन्मल्या, तर प्रत्येकीच्या वाट्याला निम्मेच मोनोमर येणार. साखळ्या फार आखूड झाल्या की पदार्थ ठिसूळ होतो, कारण लांब साखळ्या एकमेकींत गुंततात आणि त्या गुंत्यातूनच चिवटपणा येतो.

तापमान वाढवूनही हेच होतं. दहा अंश वाढले की प्रारंभक तुटण्याचा वेग साधारण तीन-चार पट होतो. प्रक्रिया धावते, साखळ्या आखूड होतात. मावशीची कड दहा मिनिटांत जोडली गेली ती पाणी न तापवता. दुरुस्तीच्या लिक्विडमध्ये अमाइन नावाच्या वर्गातला एक पदार्थ असतो, तो थंडपणीही पेरॉक्साइड तोडतो. सोय मोठी आहे, पण तिची किंमत पडते. अशा थंड जमवणीत ३ ते ५ टक्के मोनोमर न जुळता मागे राहतो. रात्रभर शिजवलेल्या कवळीत तो अर्ध्या टक्क्याच्या आत असतो. हा उरलेला मोनोमर हळूहळू पाझरतो, आणि काहींच्या हिरड्यांना त्याची जळजळ होते. छोटीशी कड जोडायला हे चालतं. दिवसभर तोंडात राहणारी अख्खी कवळी अशी करावी, असं मला वाटत नाही.

४. जाळी कशी पडली

प्रत्येक मोनोमर जोडला जाताना उष्णता बाहेर पडते. एक ग्रॅम मिथाइल मेथाक्रिलेट पूर्ण जुळलं तर सुमारे १३५ कॅलरी. तुलनेसाठी, एक ग्रॅम पाणी २० अंशांवरून उकळीला आणायला ८० कॅलरी पुरतात. म्हणून कवळीत नुसतं लिक्विड कधी ओतत नाहीत. मापाने तीन भाग पावडर आणि एक भाग लिक्विड घेतात. पावडर म्हणजे आधीच तयार झालेल्या पॉलिमरचे बारीक मणी. ते उष्णता वाटून घेतात आणि आकसणंही कमी करतात. नुसतं लिक्विड जमताना २१ टक्के आकसतं, या मिश्रणात ते ७ टक्क्यांवर येतं.

मिश्रण कालवताना बघण्यासारखं असतं. आधी ते ओल्या वाळूसारखं दिसतं. मग पाकासारखी तार सुटू लागते. मग कणकेसारखा गोळा होतो, भांड्याला चिकटत नाही. तेव्हाच तो साच्यात भरायचा. इथवर साखळ्या जवळपास बनलेल्याच नसतात, लिक्विड फक्त मण्यांच्या आत मुरत असतं. खरी प्रक्रिया साचा गरम पाण्यात गेल्यावर सुरू होते.

आणि इथे एक विचित्र गोष्ट घडते. साधारणपणे मोनोमर संपत जाईल तशी प्रक्रिया मंदावायला हवी. ती उलट अचानक उसळते. विसर्जनाच्या मिरवणुकीतली गर्दी आठवा. दोन टोकांना अडकलेली दोन मोठी माणसं काही केल्या एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत, पण लहान मूल पायांमधून सुळकन निघून जातं. मिश्रण दाटलं की लांब साखळ्यांची टोकं अशीच अडकतात. दोन मोकळे हात भेटत नाहीत, म्हणजे मृत्यू थांबतो. छोटा मोनोमर मात्र सहज पोचत राहतो, म्हणजे वाढ चालूच. मोकळ्या हातांची संख्या फुगते, वेग वाढतो, उष्णता वाढते, त्या उष्णतेने आणखी प्रारंभक तुटतो. या उसळीकडे नॉरिश आणि स्मिथ यांनी १९४२ मध्ये लक्ष वेधलं, आणि १९४८ मध्ये ट्रॉम्सडॉर्फ यांच्या कामाने तिला नाव मिळालं. कवळीचा गोळा तर सुरुवातीपासूनच दाट असतो, त्यामुळे त्यात ही उसळी लवकर येते.

आता त्या वाया गेलेल्या कवळीकडे परत बघू. मिथाइल मेथाक्रिलेट १००.८ अंशांना उकळतं. उकळत्या पाण्यातला साचा बाहेरून आधीच शंभराजवळ, त्यात आतून उसळीची उष्णता. पातळ कडेची उष्णता साच्याच्या प्लास्टरमध्ये निघून गेली. जाड भागाच्या पोटातली निघू शकली नाही, तिथला मोनोमर उकळला, आणि बुडबुडे घट्ट होत चाललेल्या मसाल्यात अडकले. ७४ अंशांना प्रारंभक सावकाश तुटतो, उष्णता जन्मते तशी निघून जायला वेळ मिळतो. साचा नंतर थंडही सावकाशच करायचा, नाहीतर कवळी वाकते.

कवळी बिघडली तर दुसरी करता येते. मोठ्या टाकीत हीच उष्णता माणसांच्या जिवावर उठते. ७ मे २०२० च्या पहाटे विशाखापट्टणममध्ये स्टायरीनच्या साठवण टाकीतून वाफ बाहेर पडली आणि आर. आर. व्यंकटपुरम भागातली माणसं झोपेतच तिच्या तडाख्यात सापडली. बारा जणांचा जीव गेला. स्टायरीनला प्रारंभक लागतोच असं नाही. ते उबेनेही हळूहळू आपोआप जुळू लागतं. १८३९ मध्ये बर्लिनचे औषधविक्रेते एदुआर्द सिमोन यांनी एका राळेतून हे तेल काढून ठेवलं, तेव्हा काही महिन्यांत ते जेलीसारखं दाट झालं होतं. हे टाळण्यासाठी साठवणीत निरोधक घालतात: चुकून जन्मलेले मोकळे हात धरून ठेवणारा पदार्थ. पण तो वापरला जातो, संपतो, पुन्हा घालावा लागतो, आणि टाकी थंड ठेवावी लागते. विशाखापट्टणमला टाळेबंदीत टाकी आठवडेच्या आठवडे पडून होती. चौकशी समितीला आढळलं की निरोधक पुरेसा नव्हता, आणि तापमान टाकीच्या तळाशी मोजलं जात होतं, तर वरचे थर तापत गेले होते. तळाचा आकडा बघून सगळं ठीक वाटत राहिलं. या विषयावर बोलताना मी ही घटना कधीच वगळत नाही.

५. वेग तोच ठेवून लांबी बदलणं

प्रारंभक आणि तापमान, दोन्ही वेग आणि लांबी यांना एकदमच हलवतात. फक्त लांबीला हात घालायचा तर तिसरा घटक लागतो. १९३७ मध्ये पॉल फ्लोरी यांनी त्यामागची कल्पना नीट मांडली. वाढत्या साखळीचा मोकळा हात दुसऱ्या एखाद्या रेणूकडे सोपवला जाऊ शकतो. साखळी तिथे थांबते, पण मोकळा हात मरत नाही. तो रेणू नवी साखळी सुरू करतो. रिले शर्यतीत धावपटू बदलतो, काठी धावतच राहते, तसं.

हिशेब सोपा आहे. समजा, काहीही न घालता दर २,००० जोडण्यांमागे एक मृत्यू होतो. आता असा पदार्थ घातला की दर ५०० जोडण्यांमागे एकदा काठी बदलते. २,००० जोडण्यांत चार अदलाबदली आणि एक मृत्यू, म्हणजे पाच साखळ्या. सरासरी लांबी ४००. वेग जवळपास तोच.

या कामाला गंधकयुक्त मरकॅप्टन फार उपयोगी पडतात, वास अतिशय उग्र असला तरी. दुसऱ्या महायुद्धात जपानने आग्नेय आशियातले रबराचे मळे ताब्यात घेतले आणि अमेरिकेला कृत्रिम रबर घाईने बनवावं लागलं. तिथल्या कारखान्यांनी मिळून ठरवलेल्या कृतीत ७५ भाग ब्युटाडाइन, २५ भाग स्टायरीन, पाणी, साबण, आणि अर्धा भाग डोडेसिल मरकॅप्टन होतं. शंभराला अर्धा भाग. तेवढं नसेल तर साखळ्या इतक्या गुंतत की रबर यंत्रातून लाटताच येत नसे.

त्या कृतीतला साबणही महत्त्वाचा आहे. साबणामुळे पाण्यात असंख्य सूक्ष्म कण तयार होतात आणि एका कणात बहुधा एका वेळी एकच मोकळा हात असतो. प्रत्येकाला आपली खोली मिळाली की भेट टळते, म्हणजे मृत्यू लांबतो. वेगही वाढतो, साखळीही लांब होते. तिसऱ्या भागातलं बंधन इथे सैल पडतं. भिंतीला देतो त्या इमल्शन रंगातलं पॉलिमर असंच पाण्यातल्या कणांत बनलेलं असतं.

६. सरासरी पुरत नाही

मरकॅप्टनने सरासरी लांबी हवी तशी मिळाली. पण सरासरी सारखी असली म्हणून साखळ्या सारख्या होत नाहीत.

दोन साखळ्या घ्या, एक १०० ची आणि एक ९०० ची. सरासरी ५००. दुसऱ्या ढिगात ४५० आणि ५५०. सरासरी पुन्हा ५००. फरक दाखवायला आणखी एक सरासरी काढतात. डोळे मिटून कुठलाही एक मणी, म्हणजे साखळीत जोडला गेलेला एक मोनोमर, उचलला, तर तो किती लांब साखळीतला असेल? पहिल्या ढिगात बहुतेक मणी ९०० च्या साखळीतले आहेत, म्हणून ही सरासरी ८२० येते. दुसऱ्या ढिगात ती ५०५ येते. या सरासरीला साध्या सरासरीने भागलं की पहिल्यात १.६४ आणि दुसऱ्यात १.०१. हा आकडा म्हणजे डिस्पर्सिटी. एकला जितका जवळ, तितक्या साखळ्या सारख्या.

नेहमीच्या मुक्त मूलक पद्धतीत सगळं आदर्श असलं तरी हा आकडा १.५ ते २ पेक्षा खाली येत नाही. दर पावलाला साखळी संपण्याची शक्यता सारखीच असते, मग ती दहा मण्यांची असो की हजार. त्यात तापमान हललं, उसळी आली, तर आकडा आणखी वाढतो.

हे नेहमी वाईटच असतं असं नाही. आखूड साखळ्या साच्यात सहज वाहतात, लांब साखळ्या ताकद देतात. डबे-बादल्या बनवणाऱ्याला असं मिश्रण कित्येकदा सोयीचंच पडतं. पण साखळीचा अर्धा भाग एका मोनोमरचा आणि उरलेला दुसऱ्याचा हवा असेल, तर सेकंदात जगून मरणारी साखळी उपयोगाची नाही. पहिला मोनोमर संपेपर्यंत ती जिवंत राहायला हवी.

७. विषामृत

१९५६ मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी न मरणाऱ्या साखळ्या बनवून दाखवल्या. त्यांच्या साखळीच्या टोकाला ऋण विद्युतभार होता, आणि सारख्या भाराची दोन टोकं एकमेकांना धरत नाहीत. मात्र पाण्याचा अंशही चालत नाही इतकी ती प्रक्रिया नाजूक. मुक्त मूलक पाण्याला घाबरत नाही, पण दोन मूलकं भेटली की संपलंच. ती भेट टाळायची कशी?

उत्तर आपण लहानपणी खेळलोय. विषामृतात ज्याच्यावर राज्य असतं त्याने शिवून 'विष' म्हटलं की आपण जागच्या जागी थिजतो. भिडूने शिवून 'अमृत' म्हटलं की पुन्हा पळतो. मेलबर्नच्या सीएसआयआरओ संस्थेत डेव्हिड सॉलोमन, एझिओ रिझार्डो आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नायट्रॉक्साइड नावाच्या पदार्थांकडून हेच करून घेतलं. नायट्रॉक्साइड स्वतः साखळी सुरू करत नाही, पण वाढत्या टोकाला चिकटून तिला थिजवतो. उष्णतेने तो बंध सुटतो, साखळी जागी होते, थोडे मोनोमर जोडते आणि पुन्हा थिजते. १९९३ मध्ये झेरॉक्सच्या कॅनडातल्या प्रयोगशाळेत मायकेल जॉर्जेस आणि सहकाऱ्यांनी या मार्गाने सुमारे १२५ अंशांना पॉलिस्टायरीन बनवलं, डिस्पर्सिटी १.५ च्या पुष्कळ खाली आली.

यातली खुबी अशी की कुठल्याही क्षणी बहुतेक साखळ्या थिजलेल्याच असतात. जागे हात इतके थोडे की ते एकमेकांना क्वचित भेटतात. साखळीचं ते एका सेकंदाचं जागं आयुष्य आता कित्येक तासांवर तुकड्यातुकड्यांनी पसरलं जातं. सगळ्या जवळपास एकदम जन्मतात आणि बरोबरीने वाढतात, म्हणजे सुरुवातीला चुकीची ठरवलेली ती गव्हाच्या शेताची कल्पना इथे खरी होते. लांबीचा हिशेबही साधा होतो: दर सुरुवातीमागे २०० मोनोमर घातले आणि निम्मे जुळले, तर प्रत्येक साखळी जवळपास १०० ची.

चुकून दोन जागे हात भेटलेच, तर त्यांना थिजवणारे दोन नायट्रॉक्साइड बेकार होतात. म्हणजे भांड्यात विष देणारे किंचित वाढतात, जागे हात आणखी कमी होतात, आणि पुढच्या अपघाताची शक्यता घटते. प्रक्रिया स्वतःच स्वतःला आवरते. झुरिचच्या हान्स फिशर यांनी याचं गणित मांडलं. या विषयातलं मला सर्वांत आवडणारं चित्र हेच.

पुढे हा खेळ वेगवेगळ्या गड्यांनी खेळला गेला. १९९५ मध्ये पिट्सबर्गला क्रिस्तॉफ मातियाशेव्स्की यांनी तांब्याच्या संयुगाकडे आणि क्योटोला मित्सुओ सावामोतो यांनी रुथेनियमकडे विष-अमृताचं काम दिलं: धातू साखळीच्या टोकावरचा हॅलोजन अणू काढून घेतो आणि परत देतो. १९९८ मध्ये रिझार्डो, ग्रेम मोड आणि सान थांग यांच्या गटाने गंधकाची संयुगं वापरली. त्यात एक साखळी जागी होताना दुसरी थिजते, मरकॅप्टनच्या रिलेसारखंच, फक्त काठी परतही येते. किंमत तिन्ही पद्धतींत मोजावी लागते: प्रक्रिया मंद होते, तांब्याचा अंश काढावा लागतो, गंधकाचा रंग आणि वास मागे राहतो.

गंधकवाल्या पद्धतीचं पॉलिमर बहुधा गुलाबी किंवा पिवळसर दिसतं. तो रंग साखळ्यांच्या टोकांवर बसलेल्या, थिजवून ठेवणाऱ्या गटाचा असतो. पावडर धुऊन, वाळवून बाटलीत नीट ठेवता येते. पुढे कधीतरी ती दुसऱ्या मोनोमरमध्ये विरघळवायची, भांड्यातली हवा काढून टाकायची, चिमूटभर प्रारंभक घालून ऊब द्यायची. साखळ्या जिथे थांबल्या होत्या तिथूनच पुढे वाढू लागतात.